वाघजाईला बोललेला सायेब

परसात पाऊल टाकायच्या आधी मी अजून खाली बघते. उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना, रांजणामागं, लाकडांच्या फटीत. मगच पाऊल. जबलपुरात मुलाच्या घराला परसू नाही. मागं सिमेंटची मोरी आहे, तिथं मांजरसुद्धा फिरकत नाही, तरी मी बघते. सून हसते. "आई, कोण बसलंय तिथं?" म्हणते. कुणी नाही, म्हणते मी, आणि आणखी एकदा बघून घेते.

यंदा भाताची कापणी झाल्यावर लोणावळ्याजवळ वलवणला, सासरगावी, जाणं झालं. घर आता दुसऱ्यांचं आहे. माणसं चांगली, म्हणाली, बघा हवं तेवढं. मागलं दार ढकललं तर समोर वाघजाईचा डोंगर, होता तसाच, अर्धा सावलीत. दोन परसांमधली आड मात्र बदललीय. आमच्या वेळी तिथं कंबरेएवढं कारवीचं कुंपण होतं आणि त्याच्या पलीकडं शेजारच्या खातूनमावशीचं परसू. आता विटांची उंच भिंत आहे, पलीकडचं काही दिसत नाही. ओल्या राखेचा, भाताच्या कोंड्याचा आणि कोंबड्यांच्या शिटेचा वास आला. त्या घरात कोंबडी नाही, मी विचारून घेतलं. मग वास कुठला? मी त्याच्यावर एकदम विश्वास ठेवला नाही. वासही माणसाला फसवतात.

मी घाटाखालची. आई गेली तशी दुसरीतून शाळा सुटली, आणि थोडी मोठी झाले तशी घाटावर दिली. लग्नाला वर्ष होतं न होतं तोवर लढाई लागली. हे लॉरी चालवायला शिकले होते, पलटणीला तसली माणसं हवीच होती. ब्रह्मदेशात धाडलं. घरात राहिलो मी आणि आत्याबाई. सासूला तिकडं आत्याबाईच म्हणायचं. रंगून पडलं असं लोणावळ्याच्या बाजारात बोललं जाऊ लागलं, आणि ह्यांची खबर येणं थांबलं. तेव्हा येणारी जाणारी आत्याबाईला सांगायची, "लेकाचा पत्ता न्हाई, सुनंला कशाला पोसतीस? धाड की माघारी."

"माघारी कुटं धाडू? तिला हाय कोण?" ती म्हणायची, आणि माझ्या ताटात भाकरी टाकायची.

त्या भाकरीचे उपकार मी या जन्मी फेडू शकले नाही. पण खरं सांगायचं तर ती खाताना मी दर घासाला तिच्या तोंडाकडं बघायचे. उद्याही वाढणार ना, हे ओळखायला.

ते वर्षच संशयाचं होतं. मुंबईवर बाँब पडणार म्हणून तिकडची माणसं पोराबाळांसकट लोणावळ्यात येऊन राहिलेली. वर्षभर कुलपात असणारे बंगले रात्रंदिवस उघडे. नवा माणूस दिसला की कोण, कुठला, कशाला आला. घासलेट दडवलंय का, साखर दडवलीय का. माणसांचं असं, आणि परसातल्या कोंबड्यांचंही तेच. आमच्या आणि खातूनमावशीच्या कोंबड्या एकत्रच चरायच्या. आमच्यांच्या पायाला तांबडी चिंधी, तिच्यांच्या पायाला हिरवी. काळी, कवडी, तांबडी, उघड्या मानेची एक बोडकी, आणि मावशीचा शेपटीझाडू कोंबडा. संध्याकाळी "तीऽ ती ती ती" करत कोंडा टाकायचा, चिंध्या बघून आपापल्या डालग्याखाली झाकायच्या, वर धोंडा ठेवायचा. तरी सकाळी दोघीही मोजायच्या, आणि एकमेकींना दिसेल अशा मोजायच्या.

बंगल्यावर राखण करणाऱ्या दगडूभाऊनं आम्हांला अंडी आणून दिली. मुंबईच्या शेटाणीनं विलायती कोंबड्या पाळलेल्या, पांढऱ्याफेक, त्यांची. "सायबाच्या जातीची हायती आत्याबाई, ठिवा कुणाखाली तरी. निघाला एकांदा सायेब तर निघाला." आमची काळी तेव्हा खुडूक झालेली, जागा सोडत नव्हती, कुणी जवळ गेलं की फुगत होती. तिच्याखाली ती अंडी सरकवली. बाकीची गार पडली. एकातून पिल्लू निघालं, आणि त्याचं नाव जन्माआधीच ठरलेलं होतं. सायेब.

आमच्याकडं अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबडीला तलंग म्हणतात. देशी तलंगीचा तुरा म्हणजे डोक्यावर वाळलेली मिरची चिकटावी एवढाच. सायबाचा तुरा पिसं पुरती फुटायच्या आधीच वर आला. लाल, जाड, कातरलेला. आत्याबाईनं बघितलं आणि निवाडा केला, कोंबडा. दगडूभाऊ म्हणाला, कोंबडा. खातूनमावशी कुंपणावरून म्हणाली, "कोंबडाच हाय. त्याबिगर यवढा माज?"

माज होताच. कोंडा टाकला की सायेब मधोमध उभा राही आणि चारी बाजूंना टोचत सुटे. कवडीच्या मानेची पिसं उपटून त्यानं तिची मान वांग्यासारखी केली. खातूनमावशीच्या लंगड्या तांबडीचं डोकं फोडलं. आणि कोंबड्यांना रक्त दिसलं की त्या सगळ्याच टोचतात, म्हणून आम्ही जखमेवर हळद आणि हळदीवर तव्याची काजळी फासायचो, लाल दिसू नये म्हणून. सायबाला पायाला दोरी लावून खुंटाला बांधला, तो दोरीच्या लांबीचं राज्य करून बसला. डालग्याखाली कोंडला, तर बाजूनं जाणाऱ्याच्या पायाला कामटीच्या फटीतून चोच.

माझ्यावर तर त्याचा दातच. पाठ फिरली की धावत यायचा, आवाज न करता, आणि पोटरीला डसायचा. आत्याबाईच्या पायाला त्यानं कधी चोच लावली नाही. मला वाटायचं, याला कुणीतरी सांगितलंय, ही बाहेरची आहे म्हणून.

"तुमच्या सायबाला आवरा," खातूनमावशी कुंपणावरून. "माझ्या कोंबडीचं टकुरं सोललं त्यानं."

"तुजी कोंबडी आमच्या कोंड्यात येतीच कशाला?" आत्याबाई इकडून.

"कोंडा तुमचा, कोंबडी माझी, आन् मधी ह्यो गोरा फौजदार."

"कापते येत्या ऐतवारी."

"कापशील तर रस्सा धाड वाटीभर. माज्या कोंबडीला तेवडंच समाधान."

तो ऐतवार आलाच नाही. बुधवारी देहूरोडहून कुणीसा पलटणीतला माणूस गावात आला आणि सांगून गेला, ब्रह्मदेशातून माणसं रानारानानं चालत येतायत, लय जण वाटेतच बसतात, ते उठत न्हाईत. आत्याबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. ऐन आषाढाचा पाऊस, ढगानं डोंगर पुसून टाकलेला. ती तशीच परसात गेली, सायबाला दोन्ही हातांनी धरला, जिथं डोंगर असायचा तिकडं त्याचं तोंड केलं आणि बोलली, "बाई, माजा नामू घरला येऊ दे. ह्यो कोंबडा तुजा."

त्या क्षणापासून सायेब आमचा राहिला नाही. वाघजाईचा झाला. त्याला दोरी लावायची नाही, हाड म्हणायचं नाही, केरसुणी उगारायची नाही. तो चुलीपाशी येऊन बसला तर आम्ही ओल्यात सरकायचं. कोंड्याऐवजी तांदळाच्या कण्या त्याला. पाऊस वलवणच्या धरणावर पडायचा, कौलांवर पडायचा, घरात धूर आणि पिसांचा ओला वास कोंडलेला, आणि त्या अंधारात तो पांढरा ठिपका माझ्या पायांकडं बघत फिरायचा. आत्याबाईनं हळदीची एकच वाटी केली होती. आधी कवडीची मान, मग माझ्या पोटऱ्या.

"सोस," ती म्हणायची. "त्यो जेवडा तिखट, तेवडा बाईला पसंत."

मी सोसलं. ह्यांच्यासाठी आणखी सोसलं असतं. पण मनात एक किडा होता. सायेब आरवत नव्हता. मावशीचा कोंबडा पहाटे घसा फोडायचा, आणि हा मान वाकडी करून ऐकायचा, दुसऱ्याचं काम असल्यासारखा.

"इंग्रजी हाय," दगडूभाऊ म्हणाला. "त्येला मराठीत आरवाया येत नसंल."

आत्याबाई हसली नाही. मीही नाही.

नवरात्राच्या सुमाराला ऊन पडलं. परसातल्या लाकडांच्या ढिगात मला अंडं दिसलं. खडूसारखं पांढरं. आमच्या कोंबड्यांची अंडी पिवळसर, मावशीच्यांचीही. मी ते उचललं नाही. दुसऱ्या दिवशी दोन होती. मावशीच्या मनात येऊ लागलं की तिची कोंबडी आमच्यात घालते आणि आम्ही दडवतो. आत्याबाईच्या मनात आलं की मावशी कुठून तरी अंडी आणून ठेवते आणि भांडणाला कारण काढते. मी दोघींचं ऐकत होते आणि सायबाकडं बघत होते. सायेब लाकडांत शिरला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा असा कलकलत आला की मला पुढं काही बघायची गरजच नव्हती. हात घातला. गरम होतं.

तसंच ते ओंजळीत घेऊन आत्याबाईपुढं गेले. सांगितलं, सायबानं घातलंय.

ती अंड्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. "तू ठिवलंस," ती म्हणाली.

"म्या न्हाई, आत्याबाई."

"वाट बघून कंटाळलीस. नवस मोडला की मोकळी." आवाज चढवलाही नाही तिनं. "जायाचं आसंल तर जा. माज्या लेकाच्या जिवावर जाऊ नको."

इतके महिने मी तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि ती माझ्या. माझ्या हातातलं अंडं गार व्हायला लागलं. मी एवढंच म्हणाले, "उद्या माज्याबरं बसा. डोळ्यानं बगा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही परसात बसलो, मी आणि आत्याबाई लाकडांच्या समोर, खातूनमावशी कुंपणापलीकडं तांदूळ निवडत, निवडत कसली, नुसतं सूप धरून. सायेब आला. आम्हांला बघितलं, आधी माझ्या पायाला एक चोच दिली, मग आत शिरला. डोंगर लख्ख दिसत होता, त्यानं आमच्याकडं बघत राहावं असा. कलकलाट झाला तशी आत्याबाईनं स्वतः हात घातला, अंडं बाहेर काढलं आणि गालाला लावलं.

"सायेब न्हाई गं," खातूनमावशी म्हणाली. "मडम हाय."

आणि मग तिला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. मलाही आलं. आत्याबाईचा चेहरा बघितला आणि ते तिथंच थिजलं. वाघजाईला कोंबडाच लागतो. मादी चालत नाही, तो तिथला नेम. म्हणजे आषाढात देवीपुढं आम्ही खोटं बोललो होतो, आणि ह्यांचा जीव त्या खोट्यावर टांगलेला होता.

आत्याबाई त्याच पावली डोंगर चढली. मी मागं. देऊळ म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा, बिनघडीव दगडाची देवी, वर करवंदीची जाळी. तिनं डोकं टेकलं नाही, समोर बसली, शेजारणीशी बोलावं तसं बोलली. "बाई, तुला फसवायचं न्हवतं. तुऱ्यावर गेलो. तू बी बाई, मी बी बाई, ही बी बाईच निघाली. हिचं काय करायचं? तर आता आईक. हिच्या अंड्याचा पयला कोंबडा तुजा. तवर माज्या लेकाला वाटंतनं उठीव, चालता ठिव. बसू देऊ नको." मग उठली, मला म्हणाली, "चल, ऊन लागंल तुला." अंडं मी ठेवलं असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही. नव्हतं ठेवलं, असंही म्हणाली नाही. त्या रात्री तिनं मला आपल्या घोंगडीत घेतलं.

मडम स्वतः खुडूक होईना. त्या जातीला ते ठाऊकच नाही म्हणे, अंडं घातलं की मोकळी. काळीलाच पुन्हा बसवली. थंडीत पिल्लं निघाली, अर्धी पांढरी, अर्धी मावशीच्या कोंबड्याच्या वळणाची. त्यात एक तांबूस पंखांचं, तुरा जोरात येणारं. मी म्हटलं, हा कोंबडा दिसतोय.

"तुऱ्याचं मला सांगू नको," आत्याबाई म्हणाली. "आरवल्याबिगर म्या न्हाई मानायची."

माघात, दुपारची वेळ, पुढच्या दारात एक माणूस उभा राहिला. हडकलेला, डोक्यावर केस नाहीत, पिवळा पडलेला, पायांत दोन वेगवेगळे बूट. "आये," म्हणाला. आत्याबाईनं त्याला आत ओढला आणि आधी धावली ती मागलं दार लावायला. मागलं दार, कारण ते डोंगराकडं उघडतं. मग येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "वरडू नको. आलो म्हनू नको. कोंबडा आजून आरवला न्हाई."

मी नंतर विचारलं, देवीनंच आणलं ना, मग तिला ठाऊक असणारच.

"आणलं तिनं. पर आपुन पोच कुटं दिलीय?" ती म्हणाली. "आपुन आला म्हणत न्हाई तवर त्यो वाटंतच हाय. आन् वाटंत हाय तवर तिला त्येला संबाळावं लागतंय."

असे हे घरात राहिले, आले नसल्यासारखे. परसात पाऊल नाही. बाहेर जायची वेळ आली की पुढल्या दारानं, डोक्यावरून घोंगडीची खोळ, म्हातारीसारखं वाकून. गावाला पहिल्याच दिवशी कळलं असणार. कुणी विचारलं नाही. खातूनमावशी कुंपणावरून म्हणायची, "घरात कोन खोकतंय गं?" आत्याबाई म्हणायची, "कोन न्हाई." मग मावशी कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं कुंपणावरून पुढं करायची. "जो कोन न्हाई त्येला दे." मागल्या दाराच्या उंबऱ्यावर मडम बसून असायची. डोकावायला आलेल्याला दोन पायांवर परत जाऊ द्यायची नाही. तिच्यावर मी इतके दिवस जळले होते, आता तिच्यापुढं मूठभर कण्या जास्त टाकायला लागले.

आणि मी ह्यांच्याकडं चोरून बघायचे. बाजारात नवी कोंबडी घेताना बघतात तसं. किती दिवसांचा तो संसार, त्यातलं मला काय आठवणार? आवाज वेगळा होता. जेवताना पाठ भिंतीला लावून बसायचे, कौलांवर काही पडलं की हात थांबायचा. हेच का ते? का वाटेत कुणी बदललं? तिकडचं काही बोलत नसत. मोडकी डालगी समोर घेऊन बसायचे आणि कामट्या भरायचे. एकदा माझ्या पोटरीवरचे वण त्यांना दिसले. "हे कुणी केलं?" विचारलं. मी सांगितलं, तुमच्या नवसानं. त्यावर ते हसले, आणि हसताना ओठ डावीकडं ओढला गेला. तो ओठ मला आठवत होता.

त्या दिवसांइतकी मी पुढं कधी सुखात नव्हते. दिवसभर माणूस घरात, नजरेपुढं. तांबूस कोंबडा परसात मोठा होत होता आणि मी त्याच्या गळ्याकडं बघत होते. आरवावा असंही वाटायचं. आज नको, असंही वाटायचं. बाहेर पडले की पुन्हा कुणी नेईल. पलटण नेईल, देवी नेईल, कोण नेईल ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांचाच संशय.

आताच्या घरमालकीणबाईंनी परसात चहा आणला. इथंच उभ्या का, म्हणाल्या, आत बसा. मी म्हटलं, बसते, जरा थांबा. भिंतीच्या पलीकडं कोण राहतं, ते त्यांना नीट ठाऊक नव्हतं. मी भिंतीवर हात ठेवला, कुंपण जिथं होतं तिथं.

त्या सालची फाल्गुनातली सकाळ. शिमग्याची लाकडं गोळा करत पोरं वाडीतून बोंबलत गेली होती. आत्याबाई दळत होती. तांबूस कोंबडा कुंपणावर चढला, पंख झाडले, मान ताणली आणि फाटक्या पिपाणीतून निघावा तसा एक आवाज काढला. जातं थांबलं. तो स्वतःच दचकला होता. मग पुन्हा मान ताणली, आणि या वेळी पुरतं आरवला.

घरात कुणी हललं नाही. हे माझ्याकडं बघत होते, मी आत्याबाईकडं. तिच्या हाताला पीठ होतं, ते तिनं पुसलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली.

त्यांनी मागलं दार उघडलं. उजेड एकदम आत आला. ते परसाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, डोंगराकडं तोंड करून, उन्हात, अनवाणी. मडम धावत आली आणि त्यांच्या पायाला डसली. त्यांनी पाय हलवला नाही.

कुंपणापलीकडं खातूनमावशी राख टाकत होती. तिनं टोपली खाली ठेवली, पदर नीट केला, आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं विचारलं, "आगं बया, नाम्या? कवा आलास रे?"

"आत्ता, मावशी," हे म्हणाले. "ह्यो काय, आत्ताच येतोय."